आवळून मिळेल, उसवून मिळेल

अल्टरेशनच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत. मशीनखाली चिंध्या साठतात तसे ते आपोआप साठतात. शिवणारीसमोर माप द्यायला उभं राहिलं की बायका पोट आत घेतात आणि मनातलं सगळं बाहेर सोडतात! पडद्याआड अर्धी जीन्स चढलेली, अर्धी हातात, आणि तोंड चालू. आम्ही फक्त "हं" म्हणायचं आणि टाचणी लावायची.

मंदाताईंच्या दुकानात मला पंधरा-सोळा वर्षं झाली. रत्नागिरीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत एका बाजूला झेरॉक्स, दुसऱ्या बाजूला पार्लर आणि मध्ये आम्ही. दोन मशीन, इस्त्रीचं टेबल, एक पडदा आणि एक आरसा, त्यातही खालच्या कोपऱ्यात पारा उडालेला. मंदाताई आता साठीच्या पुढे आहेत. कायम काठाची साडी, तोंडात टाचण्या, गळ्यात टेप. स्वतः जन्मात जीन्स घातलेली नाही, पण कुठल्या वर्षी रत्नागिरीत जीन्सला पायाशी कितीची मोहरी चालत होती ते विचारा, झोपेतून उठवलं तरी सांगतील.

त्यांचे दोन नियम आहेत. पहिला, कापड कापायचं नाही. जीन्स बारीक करायची तर जास्तीचं कापड आत दुमडून शिवायचं. "कापलेलं परत येत नाय गो," त्या म्हणतात, "फॅशन येते!" दुसरा नियम, गिऱ्हाइकाच्या अंगाबद्दल दुकानात अवाक्षर नाही. कोण जाड झालं, कोण वाळलं, सगळं वहीत आकड्यांत. शेरा नाही.

आधीच सांगून ठेवते, फाटक्या जीन्सला आजीने प्रेमाने ठिगळ लावल्याचा किस्सा मी सांगणार नाही. तो प्रत्येकाच्या घरी घडलेला असतो आणि प्रत्येकाला वाटतं, आपल्याच घरी घडला.

*

माझा स्वतःचा पराक्रम पहिल्यांदा सांगून टाकते, म्हणजे पुढे दुसऱ्यांना हसायला मी मोकळी.

मला दुकानात येऊन तीन महिने झाले होते. मंदाताई बहिणीकडे खेडला गेलेल्या, चार दिवस दुकान माझ्यावर. जाताना सांगून गेल्या, "प्रज्ञाची जीन्स झालीय. इस्त्री मार आणि आई येईल तिची, तिच्याकडे दे."

प्रज्ञा तेव्हा कॉलेजला होती. मी तिला पाहिलेलं नव्हतं. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला तिच्या वाडीतल्या सगळ्या मुलींनी पांढरा शर्ट आणि निळी जीन्स ठरवली होती, त्यासाठीची ही जीन्स. मी इस्त्रीला घेतली आणि बघते तर काय, डावा पाय उजव्यापेक्षा बारीक! आणि वर दीड बोट आखूड!

मला धसकाच बसला. म्हटलं, ताईंची नजर गेली. मोतीबिंदूच असणार. वही काढली तर तिथेही मोहरीचे दोन आकडे, मध्ये तिरकी रेघ. मला वाटलं, आधी चुकीचा लिहिला, मग बाजूला बरोबर लिहिला आणि खोडायचं विसरल्या. एवढ्या मोठ्या बाईची चूक बाहेर जाऊ द्यायची नाही असं मी ठरवलं. अख्खी दुपार बसून डावा पाय उसवला, आतलं कापड सोडलं, उजव्याला लावून लावून अगदी तंतोतंत सारखा केला. इतकं सुंदर काम मी तोवर केलं नव्हतं. संध्याकाळी तिची आई येऊन घेऊन गेली आणि मी गुरूची लाज राखल्याच्या आनंदात घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर करते तोच एक मुलगी समोर. तीच जीन्स अंगात. डावा पाय जरा टाकत टाकत आत आली, स्टुलावर बसली. तेव्हा मी तिच्या पायाकडे पाहिलं. दोन वर्षांची असताना ताप आला होता तिला. तेव्हापासून डावा पाय बारीक राहिला.

"ही कोणी केली?" तिने विचारलं.

"मी," मी म्हटलं.

"कमाल आहे बाई तुझी! मुंबईच्या मोठमोठ्या डॉक्टरांना जमलं नाही, ते तू एका दुपारीत केलंस. दोन्ही पाय सारखे!"

मी रडायलाच लागले. तिने टेबलावरची एक चिंधी उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "रडतेस काय? मिरवणूक चारला आहे. मशीन चालू कर!"

त्या दिवशी तिची मापं मी पहिल्यांदा घेतली. शिवता शिवता ती बोलत होती. तिला लंगडण्याचं फारसं काही नव्हतं. तिची तक्रार वेगळीच होती. मैत्रिणी दुकानात जातात, ट्रायल रूममध्ये नवी जीन्स चढवतात, आवडली की तीच अंगावर ठेवून रस्त्याला लागतात. हिची जीन्स दुकानातून आधी आमच्याकडे येणार, दोन दिवस राहणार, मग अंगाला लागणार. म्हणजे नवी जीन्स तिला कधी नवी मिळालीच नाही!

"एकदा," ती म्हणाली, "एकदा मला दुकानातून घालून निघायचंय. बाकी देवाकडे काही मागणं नाही. देवाला मी मानत नाही, ती गोष्ट वेगळी."

मंदाताई खेडहून आल्या. मी सगळं कबूल केलं. त्या ओरडल्या नाहीत. फक्त वही पुढे ओढली, त्या तिरक्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हा तिचा पाय आहे. दुरुस्ती नाय." आणि वही मिटता मिटता, "मोतीबिंदू कोणाला म्हणालीस गो?"

*

मग आली स्किनी. बापरे, ती स्किनी! रत्नागिरीच्या दमट हवेत, घामेजल्या अंगावर, चामड्यासारखी चिकटणारी जीन्स घालायची कल्पना ज्याने काढली त्याला एकदा मे महिन्यात इथे आणून सोडायला हवं. पण फॅशनला हवामान कुठे कळतं? बोर्डावर आम्ही लिहिलं, "जीन्स आवळून मिळेल." आणि पाच-सहा वर्षं नुसतं आवळलं.

बँकेतल्या एक मॅडम होत्या. नाव नको, अजून येतात. त्यांनी सांगितलं, "इतकी फिट करा की चिमटीत कापड येता कामा नये." मंदाताईंनी केली. मॅडम पडद्याआड गेल्या. आधी कण्हण्याचा आवाज, मग उड्यांचा आवाज, मग "झाली!" असा विजयी आवाज. आरशात बघून खूश. मग परत काढायला गेल्या आणि पाच मिनिटांनी पडद्यातून फक्त हात बाहेर आला. "मंदाताई... जरा..."

जीन्स गुडघ्याखाली आली होती आणि पोटऱ्यांवर रुतली होती. वरही जाईना, खालीही येईना. मॅडमना दुपट्टा गुंडाळून स्टुलावर बसवलं. उजव्या पायाशी मंदाताई, डाव्या पायाशी मी, दोघी जमिनीवर फतकल मारून ओढतोय. मॅडम स्टुलासकट पुढे येत होत्या, पण जीन्स जागची हलत नव्हती.

तेवढ्यात प्रज्ञा आली. एव्हाना ती सरकारी कचेरीत क्लार्क म्हणून लागली होती आणि डबा खायच्या सुट्टीत आमच्याकडे चक्कर मारायची. तिने दारातूनच सगळा देखावा पाहिला.

"ताई," ती म्हणाली, "माझी तर एका पायात तरी सैल होते!"

मॅडम इतक्या हसल्या की पोटऱ्या सुटल्या. जीन्स सटकन खाली आली आणि मी जीन्ससकट मागे इस्त्रीच्या टेबलावर आपटले.

*

स्किनी प्रज्ञालाही हवीच होती. तिच्या कचेरीतल्या सगळ्या पोरी घालत होत्या. मी मनात म्हटलं, आता कसं होणार? सरळ मोहरीत पाय झाकला जातो, स्किनीत एकूण एक दिसतं. मला वाटलं, मंदाताई तिला समजावतील, "तुला ती नाय शोभायची" वगैरे. कारण गल्लीतल्या चार बायका तिला हेच सांगून गेल्या होत्या.

मंदाताईंनी काही समजावलं नाही. तिची जीन्स उलटी केली आणि डाव्या पोटरीला आतून मऊ अस्तराचे तीन थर घातले. गोधडीला घालतात तसे बारीक टाके, पण वरून दिसणार नाहीत असे. तीन वेळा उसवलं, तीन वेळा घातलं. चौथ्यांदा प्रज्ञा आरशासमोर उभी राहिली तेव्हा दोन्ही पोटऱ्या सारख्या दिसत होत्या.

ती खूप वेळ बघत होती. मलाच गहिवरून आलं. मग ती म्हणाली, "छान झालीय. फक्त डिसेंबरात डाव्या पायाला स्वेटर आणि उजवा उघडा, असं वाटेल."

चार वर्षं तिने अशाच स्किनी घातल्या. मे महिन्यात डाव्या पायाला घामोळं यायचं, तरी घातल्या. एकदा मी न राहवून विचारलं, "कशाला एवढा जाच? फॅशन धरलीच पाहिजे असं आहे का?"

"तू नाही धरलीस तर लोक म्हणतात, साधी आहे," ती म्हणाली. "मी नाही धरली तर म्हणतात, बिचारी."



*

आता जरा माझ्या नवऱ्याची बदनामी करू.

आमचे हे मुंबईला नोकरीला. शिमग्याला, गणपतीला, मे महिन्यात येतात. एका शिमग्याला मोठ्या ऐटीत पिशवी पुढे केली. आत जीन्स. मला! मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या जीन्स शिवणारी, माझ्या अंगावर ड्रेस नाहीतर साडी. मी लाजत लाजत उघडली आणि लेबल पाहिलं. अठ्ठावीस!

"ही कोणासाठी?" मी विचारलं.

"तुझ्यासाठी. दुकानदाराने साइज विचारली, मी हाताने दाखवली." आणि त्यांनी दोन्ही हातांनी हवेत काहीतरी दाखवलं. ते माप माझ्या लग्नातलं होतं. मधल्या काळात दोन मुलं झाली, गुडघा धरला, थायरॉईड निघालं, यातलं काही त्या हातांपर्यंत पोचलं नव्हतं.

मी रागारागाने जीन्स दुकानात आणली. म्हटलं, "बघा ताई, बायकोकडे शेवटचं कधी बघितलं होतं कोण जाणे!"

मंदाताईंनी टाचण्या तोंडातून काढल्या. "तू नवऱ्याच्या डोळ्यात अजून अठ्ठावीस आहेस. ते उसवू नको गो. जीन्स उसव!"

मग आम्ही दोघींनी मिळून दोन्ही कुशींना कापडाच्या पट्ट्या घातल्या, मागे कमरेला एक त्रिकोण दिला. मी दुसऱ्या दिवशी घालून दाखवली. नवरा खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "बघ! मला बायकोचं माप बरोब्बर ठाऊक असतं!"

आजही त्या माणसाचा तो समज आहे. हे वाचलं तर जाईल.

*

मग एक दिवस वारं फिरलं. मिरजोळ्याला कंपनीत जाणारी एक पोरगी आली आणि म्हणाली, "काकी, स्किनी आता काकूबाई घालतात. मला बॅगी हवी." ज्या पोरींना आम्ही आवळून आवळून दिलं होतं त्याच आता सोडवून मागायला लागल्या. बोर्डावर "उसवून मिळेल" वाढवलं. पेंटर वैतागून म्हणाला, "तुमचं एकदा काय ते ठरवा!" मंदाताई म्हणाल्या, "आम्ही कोण ठरवणार? तू रंगव."

कधी न कापण्याचा नियम त्या वर्षी कामाला आला. सावंत मॅडम, शाळेत भूगोल शिकवतात, त्यांनी आपली दहा वर्षांपूर्वीची जीन्स आणली. तीनदा बारीक केलेली, म्हणजे आत कापडाच्या घड्याच घड्या. "उचलली तर तांदळाची पिशवी वाटते," त्या म्हणाल्या. आम्ही सगळं उसवलं. जीन्स झाली छान सैल, पण गंमत अशी की बाहेरचं कापड धुवून धुवून आभाळाच्या रंगाचं आणि आत दडलेलं कापड नवंकोरं गडद निळं! दोन्ही बाजूंना कमरेपासून घोट्यापर्यंत रुंद गडद पट्टे. मंदाताई खजील झाल्या. म्हणाल्या, "राहू दे, मी डाय करून देते." मॅडम घाईत होत्या, तशीच घेऊन गेल्या.

आठ दिवसांत चार कॉलेजच्या मुली दारात. "सावंत मॅडमनी घातलीय तशी साइड स्ट्राइप हवी!"

मंदाताईंनी शांतपणे गडद कापडाच्या पट्ट्या काढल्या आणि चौघींना लावून दिल्या. त्या गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "उसवलेलं लपवता नाय आलं की ती फॅशन. लिहून ठेव."

*

पण सैल जीन्सचं आणि कोकणच्या पावसाचं जमत नाही. जमिनीवर लोळणारी मोहरी जुलैत गुडघ्यापर्यंत पाणी ओढते, लाल चिखल वर चढतो, आणि तेवढं जाड कापड वाळायला चार दिवस. घराघरात पंख्याखाली, गॅसच्या वर, फ्रिजच्या मागे जीन्स टांगलेल्या. आया वैतागलेल्या.

अशीच एक आई सकाळी आली. मुलीची बॅगी जीन्स पुढे टाकली. "चार बोटं आखूड करा. घरभर लाल पाणी गळतंय. आणि तिला बोलू नका, मी सांगितलंय म्हणून."

दुपारी मुलगी आली. "काकी, आई जीन्स देऊन गेली ना? आखूड नका करू, प्लीज! आणि आईला बोलू नका."

मंदाताई दोघींनाही "बरं" म्हणाल्या. मग त्यांनी मोहरीच्या आत चार बोटांवर टिचबटणं लावली. वर दुमडून बटणं टिचटिच लावली की जीन्स आखूड, काढली की लांब. मुलीला सांगितलं, "घरात वर, नाक्यावर खाली." पोरगी खूश. आई खूश. महिनाभर सगळं सुरळीत चाललं.

महिन्याने आई परत आली. पिशवी छातीशी धरलेली. मला वाटलं, पकडलं गेलं. मंदाताईंनीही मशीन थांबवली.

बाईने मागे वळून गल्लीत बघितलं, पिशवीतून एक जीन्स काढली. तिची स्वतःची! नव्या फॅशनची, लांबच लांब.

"मला पण तशीच टिचबटणं लावा," ती हळूच म्हणाली. "सासूबाई आल्यात गावाहून."

*

लोक मला विचारतात, तुम्ही एवढ्या फॅशनी बघितल्या, धरावी की सोडावी? मला काय विचारता? मी आयुष्यभर आधी आवळलेलं नंतर उसवलं. माझं मत म्हणाल तर ज्यात श्वास घेता येतो आणि एसटीची पायरी चढता येते ती जीन्स चांगली. पण हे मी प्रज्ञासमोर बोलत नाही. तिच्यासमोर असलं शहाणपण टिकत नाही.

गेल्या वर्षभरात ती आमच्याकडे कमीच यायची. कचेरीत बढती मिळाली, काम वाढलं, असं आम्ही धरून चाललो होतो. मंदाताई मध्येच म्हणायच्या, "प्रज्ञा आली नाय गो बरेच दिवसांत." मग स्वतःच म्हणायच्या, "कामात असेल." मला आत कुठेतरी वाटायचं, अल्टरेशनसाठी दुसरीकडे तर जात नाही ना? हल्ली साळवी स्टॉपला नवं दुकान झालंय, तिथे मशीन विजेवर चालतात आणि मशीनवाल्या बायका कानात गाणी लावून बसतात. मी हे मंदाताईंना बोलले नाही. त्यांनाही तेच वाटत असावं, कारण वहीत प्रज्ञाचं पान आलं की त्या ते पटकन उलटायच्या.

परवा शनिवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, मी झेरॉक्सवाल्याकडे सुट्टे मागायला बाहेर आले होते. गल्लीच्या तोंडाशी प्रज्ञा दिसली. चालत येत होती. एका हातात दुकानाची कागदी पिशवी, आणि पायात जीन्स. रुंद, कमरेपासून सरळ खाली सुटलेली, पावलं झाकून रस्त्यावर लोळणारी. कडक नवी. दोन्ही पाय त्यात हरवून गेले होते. पिशवीतून जुन्या पॅंटचा कमरेचा पट्टा डोकावत होता.

मी धावत आत गेले आणि तोंडाला आलं ते बोलले, "ताई, आली! दुकानातून घालून आली!"

मंदाताईंना काही कळलं नाही. तोवर प्रज्ञा पायरी चढून आत उभी. पार्लरमधल्या मुलीही दारात आल्या.

"काय गो, काय काढलंयस काम?" मंदाताईंनी विचारलं. सवयीने त्यांचा हात टेपकडे गेला होता.

"काम काही नाही," प्रज्ञा म्हणाली. "सहज आले."

मंदाताई उठल्या. तिच्याभोवती एक फेरी मारली. कमर बघितली, बसलेली. सीट बघितली, बसलेली. गुडघ्याशी वाकल्या, काही नाही. मग अगदी खाली बसल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. शेवटी सापडलं!

"डावीकडून घासतेय बघ," त्या म्हणाल्या. "दीड बोट लांब आहे. कड मळलीसुद्धा. काढ, दोन मिनिटांत दुमडून देते." टाचण्या तोंडात गेल्यासुद्धा.

प्रज्ञाने पाय मागे घेतला.

"घासू दे, ताई. आता सगळ्यांचीच घासते."

मंदाताई तशाच खाली बसून राहिल्या. मग पार्लरच्या दारात उभ्या मुलींच्या पायांकडे त्यांनी बघितलं, एकीच्या, दुसरीच्या, तिसरीच्या. तोंडातली एकेक टाचणी काढून डबीत ठेवली. डबीचं झाकण त्यांना लागेना. मी लावून दिलं.

"बरं," त्या म्हणाल्या, "चहा तरी घेशील का नाय? बस."

"चहा घेते," प्रज्ञा म्हणाली. "पण उभ्यानेच. बसले तर दिसणार कुणाला?"